पातळ हात

“हात सोड!” कुंभोजकर सर खालून ओरडले.

मी दोरीवर उलटी होते. डाव्या गुडघ्याच्या लवणीत दोर अडकवलेला, डोकं खाली, वेणी लोंबकळतेय. आता दोन्ही हात सोडून अंग आडवं ताणायचं, एवढंच राहिलं होतं. दोरीच्या मल्लखांबातला हा भाग मला डोळे मिटून जमायचा. पण त्या दिवशी लवणीतून अशी काही कळ निघाली की हात सोडायचे राहिले बाजूलाच, मी दोर घट्ट धरून घसरत खाली आले. तळव्यांची सालटी निघाली.

सरांनी दोर हातात घेऊन पाहिला. पांढऱ्या सुती दोरावर पिवळट ओल होती आणि तिच्यात तांबडे ठिपके.

“वळ,” ते म्हणाले. मी पाठमोरी झाले. “कोपर दाखव. दुसरं.”

दोन्ही गुडघ्यांमागे आणि दोन्ही कोपरांच्या आत, जिथं हातपाय दुमडतो नेमकं तिथं, माझी कातडी लालभडक होऊन चिरली होती.

“हे कधीपासून?”

“थोडी खाज येते, सर.”

“थोडी? कातडं सोललंय आणि थोडी म्हणे!” सर रागावले की त्यांचा आवाज उलट बारीक व्हायचा. “दिवाळीनंतर मी संघ ठरवणार. तोपर्यंत हे बरं करून ये. नाहीतर दोरीला हात लावायचा नाही. वरून पडलीस तर हिंदुरावांना मी काय तोंड दाखवू?”

मी तेव्हा नववीत होते. अभ्यासात बेताची, दिसायला बेताची, आणि गाणं म्हणायला लागले की घरातली मांजरसुद्धा उठून जायची. देवानं मला दिलं होतं ते एकच, दोर पायाच्या अंगठ्यात धरून सरसर वर जाणं. वर गेलं की मी कुणीतरी असे. तेवढंही जाणार म्हटल्यावर घरी येईपर्यंत रस्ताभर रडले.

माझे वडील हिंदुराव पेंटर. तासगावात दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती आणि हंगाम असला की घरांचे रंग, अशी त्यांची कामं. त्यांना मी अण्णा म्हणे. त्यांची अक्षरं अशी वळणदार की लोक पाटीवरचं स्पेलिंग चुकलेलं असलं तरी कौतुक करत. एका किराणा दुकानदाराला नाव सुचेना तेव्हा अण्णांनी माझंच देऊन टाकलं. ‘संयोगिता किराणा’ ही पाटी बाजारपेठेत पुष्कळ वर्षं होती आणि शाळेतली पोरं मला हटकून शेंगदाण्याचा भाव विचारत.

आणखी एका गोष्टीसाठी आमचं घर गल्लीत प्रसिद्ध होतं. आमच्याकडे भाकऱ्या अण्णा थापायचे. आई, तिचं नाव विजयमाला, साड्यांना फॉल-पिको करायची आणि मशीनवरून सहसा उठायची नाही. तिला आच सोसत नसे, ऊन सोसत नसे. बाहेर पडायचंच झालं तर पदर नाकापर्यंत ओढून घेई. शेजारणी म्हणत, “विजयमाला राणी आहे बाई, नवरा चुलीपुढं आणि ही खुर्चीवर.” अण्णा हसून म्हणत, “मग? राणीच हाय.” त्यात आणखी काही असेल असं मला कधी वाटलं नाही.

मिरजेला मुजावर मॅडमचा दवाखाना होता. त्या कातडीच्या डॉक्टर. अण्णा मला घेऊन गेले. मॅडमनी चारही लवणी भिंगातून पाहिल्या, लहानपणी दमा होता का, सर्दी सारखी होते का, असं काय काय विचारलं आणि म्हणाल्या, “हे इसब आहे. कुणाकडून लागलेलं नाही आणि कुणाला लागणारही नाही. अंगातच कल असतो, घाम आणि घासण्यानं भडकतं. पण ताब्यात येतं.” एक मलम दिलं आणि एक अंगाला लावायची मलई. दवाखान्यात गर्दी होती, बाहेर कुणाचं तरी मूल भोकाड पसरून रडत होतं. आम्ही उठताना त्या घाईघाईत म्हणाल्या, “मलम पातळ लावायचं हं, पेंटर. रात्री एकदा.”

घरी आल्यावर अण्णांनी एक रिकामी डबी घासूनपुसून घेतली. तिच्यात मलमाची हरभऱ्याएवढी गोळी काढली आणि वरून खोबरेल ओतलं. मग काडीनं ढवळत बसले.

“अण्णा, हे काय करताय?”

“पातळ लावा म्हणाल्या न्हवं मॅडम? मग पातळ करतोय.” काडी थांबली नाही. “डब्यातला रंग कुणी तसाच भितीवर थापतं व्हय? आदी पातळ करायचा, मग हात मारायचा.”

मला ते पटलं. रंगाच्या बाबतीत अण्णांच्या शब्दापुढे तासगावात कुणी जात नसे. रोज रात्री ते तो तेलकट रस कापसाच्या बोळ्यानं माझ्या लवणींना लावत आणि मी रोज सकाळी आरशाकडे पाठ करून, मान मोडेस्तोवर वळून बघे. लाली तशीच. खाज तर अशी की वर्गात मी पाय बाकाच्या कडेला घासत बसे. नवरात्र आलं नि गेलं. सरांच्या व्यायामशाळेत माझी दोरी बाकीच्या मुली वापरायला लागल्या. मी खिडकीतून बघे आणि निघून येई.

शेवटी मीच उठले आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचाच. त्यानं माझं कोपर पाहिलं आणि मागं न वळताच कप्प्यातून एक ट्यूब काढली.

“ही घे. जोरदार आहे. खाज, गजकरण, काळे डाग, काहीही असू दे, दोन दिवसांत गार. मी सगळ्यांना हीच देतो.”

‘सगळ्यांना हीच’ हे ऐकून मला धीर आला. वय वेडं, दुसरं काय! मी ती ट्यूब दप्तरात टाकून घरी आले आणि न्हाणीघराकडे निघाले तेवढ्यात आईचं मशीन थांबलं.

“काय लपवतीस?”

मी ट्यूब पुढे केली. आईनं ट्यूबवरचं नाव बघितलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ती उठली. न्हाणीच्या मोरीपाशी बसली, झाकण काढलं आणि सगळी ट्यूब पिळून मोरीत रिकामी केली. उरलेसुरलेलं निघावं म्हणून कात्रीच्या मुठीनं ट्यूब फरशीवर दाबत राहिली. आईला एवढी संतापलेली मी कधी पाहिली नव्हती. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

अण्णा आले तेव्हा ती एवढंच म्हणाली, “उद्या पोरीला मिरजंला न्यायचं. आन ती डबी संगं घ्यायची.”

“डबी कशाला?”

“घ्यायची म्हटलं न्हवं का!”

त्या रात्रीच्या भाकऱ्या करपल्या.

मुजावर मॅडमनी माझे पाय पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. “आतापर्यंत फरक पडायला हवा होता. मलम संपलं का?”

“न्हाई,” अण्णा म्हणाले. “ट्यूब भरलेलीच हाय.”

“भरलेली? मग लावलंत काय?”

अण्णांनी पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी झाकण उघडून वास घेतला. “खोबरेल?”

“तुम्हीच पातळ लावा म्हणालात, मॅडम.”

मॅडमना हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “चूक माझी आहे, पेंटर. रंगवाल्या माणसाला मी पातळ म्हणाले!” मग चष्मा पुसून नीट बसल्या. “ऐका. मलमात काहीही मिसळायचं नाही. औषध जेवढं लागतं तेवढंच त्यात घातलेलं असतं. तेल ओतलंत की ते किती कमी झालं, कुणी सांगायचं? तुम्ही एवढे दिवस लावलंत आणि पोरीला मिळालं काहीच नाही. माल अस्सल ठेवायचा. हात पातळ मारायचा. कळलं?”

“कळलं,” अण्णा खाली मान घालून म्हणाले.

मॅडमनी माझं बोट धरलं आणि ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढली, टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत. “एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तुझी एकेक लवण एका तळहाताहून मोठी नाही, म्हणजे एका बोटावरच्या मलमात दोन लवणी. जिथं लाल आहे तिथंच. चोळायचं नाही, पसरायचं. कातडी नुसती चकाकली पाहिजे, पांढरा थर दिसता कामा नये. मलई मात्र सगळ्या अंगाला, भरपूर, पण मलमानंतर थोडा वेळ जाऊ दे. आणि बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही. खाज थांबली, हात फिरवला की गुळगुळीत लागलं, की बंद. पुन्हा उठलं तर पुन्हा, लगेच, थोडे दिवस. पू दिसला किंवा जास्त चिघळलं तर मात्र माझ्याकडे.”

“मॅडम,” मी विचारलं, “हे स्टेरॉइड आहे ना? सर म्हणतात स्पर्धेत पकडतात.”

“तुझे सर पैलवानांच्या इंजेक्शनाचं बोलतायत. हे सूज उतरवणारं मलम आहे. कातडीवर लावायच्या या औषधाला खेळात बंदी नाही, सांग त्यांना. मी चिठ्ठीवर लिहूनही देते.”

आम्ही उठलो. अण्णा दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

“मॅडम, ह्यानं कातडं इरतं म्हणत्यात. खरं हाय का?”

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. “जोरदार मलम, नाजूक जागा, विशेषतः चेहरा, आणि कुणाला न दाखवता महिनोन्‌महिने लावलं तर विरतं. लाल होतं, शिरा दिसायला लागतात. म्हणून तर मी लवणीला बेताचं मलम दिलंय, आणि थोड्याच दिवसांसाठी. विस्तवाला भिऊन कुणी उपाशी राहतं का? स्वयंपाक करायचा आणि विस्तव विझवायचा.”

अण्णा तरी उभेच. “आन तसं इरलेलं परत येतं का?”

“बरंचसं सावरतं. वेळ लागतो. आधी ते मलम सुटावं लागतं, आणि ते एकट्यानं सोडायचं नसतं, फार आग होते. कुणाचं विचारताय?”

“आसंच इचारलं,” अण्णा म्हणाले आणि माझा हात धरून बाहेर पडले.

रात्री मी चटईवर पालथी झोपले. अण्णांनी बोटावर मलम घेतलं आणि माझ्या गुडघ्याशी बसले. बराच वेळ काहीच होईना म्हणून मी मान वळवून बघितलं, तर त्यांचं बोट लवणीपाशी येऊन पुन्हा मागं जात होतं. जमिनीपासून दोन मजले वर, शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा माणूस तो.

“द्या हिकडं,” आई म्हणाली. मशीनवरून उठून ती माझ्यामागं येऊन बसली. तिनं आपल्या बोटावर मलम घेतलं आणि हलक्या हातानं लवणीवर पसरलं. थंड लागलं.

“अण्णांना पातळचा अर्थच कळला नाही,” मी हसत म्हणाले. “मॅडम इतक्या हसल्या!”

आई हसली नाही. “उभा जन्म रंगात घातलेल्या माणसाला पातळ हात कळत न्हाई व्हय, संयू?”

मी उठून बसले.

“सगळं कळत हुतं त्यांना. भ्यालं हुतं ते.” अण्णा दाराकडे तोंड करून उभे होते. आईनं पदर मागं घेतला आणि दिव्याखाली चेहरा माझ्यापुढे धरला. रोज बघत होते मी तो चेहरा, पण तिनं असा मुद्दाम दाखवला नव्हता. गालांवर तांबडी झाक, बारीक लाल शिरांचं जाळं, कातडी कांद्याच्या पापुद्र्यागत तकतकीत. “लगीन झालं तवा घरातली समदी मला काळी म्हणायची. ह्यांनी कुठनं तरी आयकलं आन ट्यूब आणली, गोरं हुतंय म्हणून. तू आणलीस न्हवं, तीच. झालेबी गोरी. मग सोडाय गेले की तोंडाची नुसती आग. पुन्ना लावली की गार. तवापास्नं सुटली न्हाई. अजून मशीनच्या खणात हाय.”

“मला ठावं न्हवतं, विजू,” अण्णा दाराकडे बघतच म्हणाले. “मी चांगलं म्हणून आणली.”

“मी कुठं काय म्हणते?” आई म्हणाली. “पर तुमी भिऊन पोरीचं औषिद तेलात बुडवलं. माझं जास्तीनं गेलं, तिचं कमीनं चाललं हुतं. म्हणून डबी न्यायला लावली.”

चुलीपुढचे अण्णा, नाकापर्यंतचा पदर, राणी म्हणून शेजारणींचं हसणं, हे सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती माझ्या कोपराला मलम लावत राहिली.

“मॅडम म्हणाल्या, सावरतं,” अण्णा इतक्या हळू बोलले की दुसऱ्यांदा सांगावं लागलं. “त्या म्हणाल्या, बरंचसं सावरतं. पर एकट्यानं सोडायचं न्हाई.”

आईचं बोट थांबलं. “खरं म्हणाल्या?”

“मीबी होते तिथं,” मी म्हणाले. “खरंच म्हणाल्या.”

पुढच्या खेपेला मिरजेच्या गाडीत आम्ही तिघं होतो. माझी खाज तोवर थांबली होती. रात्री अंथरुणात पाय एकमेकांना न घासता झोप लागते म्हणजे काय सुख असतं, ते ज्याला खाज आहे त्यालाच कळेल. मॅडमनी माझ्या लवणींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “मलम बंद. मलई चालू. सुटलीस.” मग त्यांनी आईकडे पाहिलं, आईनं पदर काढला, आणि अण्णांना आणि मला बाहेर बसायला सांगण्यात आलं. दार उघडलं तेव्हा आईचे डोळे सुजले होते, पण ती ताठ चालत होती.

आईची वाट माझ्याहून अवघड होती. ते दोन-तीन महिने मी कधी विसरणार नाही. तोंड सुजायचं, भाजल्यासारखं व्हायचं, ती थंड पाण्याच्या घड्या ठेवून बसायची आणि मशीनच्या खणाकडे बघायची. खण रिकामा होता. अण्णांनी तो आधीच रिकामा केला होता. मॅडम दर खेपेला काहीतरी बदलून द्यायच्या आणि म्हणायच्या, “मागल्यापेक्षा बरं आहे.” आम्हाला फरक दिसायचा नाही. मग एके दिवशी दिसला.

दिवाळीनंतर सरांनी माझे पाय बघितले, कोपरं बघितली, चिठ्ठी दोनदा वाचली आणि दोर माझ्या हातात दिला. पुढं लवणीत इसब दोनदा उठलं. दोन्ही वेळा आम्ही घाबरलो नाही. लगेच मलम, थोडे दिवस, मग बंद. सरावानंतर घाम धुवायचा, मलई लावायची, हे मला इतकं अंगवळणी पडलं की आज माझ्याकडे दोरीवर शिकायला येणाऱ्या पोरींना मी आधी ते शिकवते आणि चढायला नंतर.

संक्रांत झाल्यावर सांगलीत स्पर्धा होती. आई माझा खेळ बघायला कधीच आली नव्हती. त्या दिवशी ती आली, पहिल्या रांगेत अण्णांच्या शेजारी बसली. चेहरा अजून तांबूस होता. पदर खांद्यावर होता.

माझं नाव पुकारलं. मी वर गेले. सभागृहात गर्दी होती, पण शेवटच्या आसनाच्या वेळी सगळे गप्प होतात, पंखासुद्धा ऐकू येतो. मी डाव्या लवणीत दोर घेतला आणि उलटी झाले. आता हात सोडायचे. माझ्या मनात एकच होतं, जुनी कळ येते की काय. आणि त्या शांततेत खालून आईचा आवाज आला. ती हळू बोलत होती, पण मला शब्द न्‌ शब्द ऐकू येत होता. अण्णांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि आई त्यांना सांगत होती.

“उलटी झाली.”

“मग?”

“एक हात सोडला.”

“आन?”

मी दुसरा हात सोडला. अंग आडवं ताणलं. वर दोर, खाली गादी, मध्ये मी, आणि सगळा भार त्या एका लवणीवर.

“दुसराबी सोडला,” आई म्हणाली.

“दोन्ही? मग धरलंय कशानं तिनं?” अण्णांचा आवाज चिरकला.

“पायाच्या लवणीनं,” आई म्हणाली. “घट धरलंय. उघडा की डोळं आता.”